आरईच्या वहीत काय लिहायचं, हे ठरतं कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. इंग्लंडमधल्या एका काउंटीत राहणारं मराठी कुटुंब. मुलगी इयर फोरमध्ये, म्हणजे आठ-नऊ वर्षांची, काउन्सिलच्या साध्या प्राथमिक शाळेत. आरईच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या तासाला दिवाळी शिकवली. मुलीनं हात वर करून सांगितलं, ‘आम्ही मातीचा किल्ला करतो.’ बाई म्हणाल्या, ‘अरे वा! पण दिवाळी म्हणजे राम-सीता घरी आले तो दिवस, ते लिही.’ त्याच वर्कशीटवर खाली ‘हिंदू मांस खात नाहीत’ असं छापलेलं, आणि घरी त्या संध्याकाळी सुरमई. वडील हेडटीचरांना भेटले, तर उत्तर मिळालं की शाळा ‘लोकली अग्रीड सिलॅबस’, म्हणजे स्थानिक सहमतीनं ठरलेला अभ्यासक्रम, पाळते, तिच्या हातात काही नाही. त्याच आठवड्यात महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काउन्सिलची सूचना फिरली: सॅक्रेवर, म्हणजे धर्मशिक्षणासाठीच्या स्थायी सल्लागार समितीवर, हिंदू प्रतिनिधीची जागा रिकामी आहे. तर हे ठरवतं कोण, मुलीला त्या तासातून काढून घ्यावं का, आणि त्या जागेसाठी नाव देण्यात काही अर्थ आहे का?

मी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत बावीस वर्षं आरई शिकवलं आणि गेली अकरा वर्षं एका काउन्सिलच्या सॅक्रेवर हिंदू प्रतिनिधी म्हणून बसते आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाव द्या. पण तिथे काय हाताशी लागतं आणि काय लागत नाही हे कळल्याशिवाय गेलात तर दुसऱ्या बैठकीनंतर परत यायचे नाहीत. असे तिघं-चौघं मी पाहिलेत.

आपण भारतात शिकलेल्यांचा इथे पहिलाच गोंधळ होतो. आपल्याकडे राज्यघटनेचं कलम 28 आहे: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. इथे उलट. सरकारी शाळेत आरई शिकवलंच पाहिजे असा कायदा आहे, पण तो राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा भाग नाही. गणित, विज्ञान, इतिहास यांचा आराखडा लंडनहून येतो आणि आरईचा आराखडा तुमची काउन्सिल ठरवते. हे असं का, तर भांडणामुळे. अँग्लिकन चर्च, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड, आणि बाकीचे प्रॉटेस्टंट पंथ यांचं शाळांवरून एकोणिसाव्या शतकभर जुंपलेलं होतं. 1870 च्या कायद्यानं त्यातून वाट काढली ती अशी की सार्वजनिक शाळेत कुठल्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवायची नाही. मग शिकवायचं काय? ते गावोगावच्या पंथांनी एकत्र बसून ठरवायला सुरुवात केली. केंब्रिजशायरचा 1924 चा अभ्यासक्रम त्यातला गाजलेला. 1944 च्या शिक्षण कायद्यानं ही पद्धत सगळ्या देशाला लावली. तेव्हा ‘सहमतीचा अभ्यासक्रम’ याचा अर्थ ख्रिस्ती पंथांची आपसातली सहमती एवढाच होता. बायबल सोडून वर्गात दुसरं काही येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

ते येऊ लागलं आपल्यासारखी माणसं इथे आल्यावर. बर्मिंगहॅमनं 1975 साली असा अभ्यासक्रम काढला की त्यात इतर धर्म तर होतेच, वर साम्यवादही होता, आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. 1988 च्या शिक्षण सुधारणा कायद्यानं दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक काउन्सिलला सॅक्रे नेमणं सक्तीचं झालं. दोन, प्रत्येक अभ्यासक्रमात ब्रिटनमधल्या धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहेत याचं प्रतिबिंब हवं आणि इथल्या इतर प्रमुख धर्मांच्या शिकवणीची व आचारांची दखलही हवी, असं कायद्यातच लिहिलं गेलं. तुमच्या मुलीच्या वहीत दिवाळी आली ती या दुसऱ्या वाक्यामुळे. आज हे सगळं 1996 च्या शिक्षण कायद्यात आहे.

आता समितीची रचना, कारण खरी मेख तिथे आहे. चार गट असतात. ‘अ’ गटात अँग्लिकन सोडून बाकी ख्रिस्ती पंथ आणि इतर सगळे धर्म. ‘ब’ गट एकट्या चर्च ऑफ इंग्लंडचा. ‘क’ शिक्षक संघटनांचा आणि ‘ड’ काउन्सिलचा, म्हणजे नगरसेवक वगैरे. मत माणसाला नसतं, गटाला असतं. आमच्या ‘अ’ गटात कॅथलिक, मेथॉडिस्ट, बाप्टिस्ट, दोन मुस्लिम, एक शीख, एक ज्यू, एक बौद्ध, एक बहाई आणि मी. या सगळ्यांचं मिळून एक मत. पलीकडे चर्चचे तिघं, त्यांचंही एक. पहिल्या बैठकीत मला हे कळलं तेव्हा मी शेजारच्या मेथॉडिस्ट आजींना विचारलं, हे न्याय्य आहे का? त्या म्हणाल्या, ‘नाही. बिस्किट घे.’

सॅक्रे स्वतः अभ्यासक्रम लिहीत नाही, हेही ध्यानात घ्या. ते काम ‘अग्रीड सिलॅबस कॉन्फरन्स’ नावाच्या वेगळ्या मंडळाचं. त्यातही हेच चार गट आणि बहुतेक ठिकाणी माणसंही हीच. आमच्याकडे चहा झाला की अध्यक्ष म्हणतात, ‘सॅक्रेची बैठक संपली, आता कॉन्फरन्सची सुरू,’ आणि आम्ही त्याच खुर्च्यांवर दुसरे कुणीतरी होतो. फरक तुम्हाला वाटतो त्याहून मोठा आहे. सॅक्रे सल्ला देते, तो काउन्सिल फाइलला लावू शकते. कॉन्फरन्सनं सुचवलेला आणि काउन्सिलनं स्वीकारलेला अभ्यासक्रम मात्र तिच्या शाळांवर कायद्यानं बंधनकारक असतो. शिवाय कॉन्फरन्समध्ये चारही गटांचं एकमत लागतं. म्हणजे चर्चला नकाराधिकार आहे, तसाच तो ‘अ’ गटालाही आहे. दर पाच वर्षांत एकदा हा अभ्यासक्रम तपासून पाहावाच लागतो. बाकी साडेचार वर्षं तुम्ही टेबलावर कितीही हात आपटा, छापलेली ओळ बदलत नाही. मधल्या काळात फेरतपासणी मागायची सोय आहे, काउन्सिलचा गट सोडून उरलेल्या तीन गटांच्या बहुमतानं. माझ्या अकरा वर्षांत ती एकदाही कुणी वापरलेली नाही.

म्हणून सॅक्रेच्या क्लार्कला पहिला प्रश्न एवढाच विचारा: चालू अभ्यासक्रम कोणत्या वर्षी स्वीकारला? उत्तर ‘गेल्या वर्षी’ असं आलं तर तुम्ही गाडी सुटल्यावर फलाटावर आलात. ‘चार वर्षं झाली’ असं आलं तर आजच अर्ज टाका.

आता तुमची तक्रार. हेडटीचरांचं उत्तर अर्धंच खरं आहे, आणि हे अर्धं उत्तर मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा राग येणंही थांबलं. शाळेतल्या कागदाचे तीन थर असतात. सगळ्यात वर काउन्सिलचा अभ्यासक्रम. त्याखाली शाळेनं त्यावरून केलेलं वर्षाचं नियोजन. आणि तळाशी ते वर्कशीट, जे बाईंनी बहुधा रविवारी रात्री साडेनऊला एखाद्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेलं असतं. बंधनकारक आहे तो फक्त वरचा थर. तो काउन्सिलच्या संकेतस्थळावर मिळतो; उघडा आणि इयर थ्री-फोरचं पान काढा. ‘हिंदू मांस खात नाहीत’ हे वाक्य तिथे सापडणार नाही, यावर मी पैज लावायला तयार आहे. बऱ्याच काउन्सिली आता तयार नमुना अभ्यासक्रम विकत घेऊन आपल्या नावानं स्वीकारतात. त्यात घटकांची नावं प्रश्नांच्या रूपात असतात: आजच्या ब्रिटनमध्ये हिंदू असणं म्हणजे काय, या धर्तीवर. आता सांगा, या प्रश्नाला तुमच्या मुलीच्या मातीच्या किल्ल्याहून चांगलं उत्तर कुठलं? अभ्यासक्रम तुमच्या बाजूनं आहे आणि आड आलाय तो एक वर्कशीट.

तेव्हा ही बाब सॅक्रेकडे न्यायची नाही. सॅक्रे ही अपिलाची जागा नाही. आधी वर्गशिक्षिका, मग हेडटीचर, मग गव्हर्नर, म्हणजे शाळेचं नियामक मंडळ, असा शाळेच्या तक्रारीचा रस्ता आहे, आणि दहातली नऊ प्रकरणं पहिल्याच पायरीवर मिटतात, जर पहिलं वाक्य ‘तुम्ही आमच्या धर्माचा अपमान केलात’ हे नसेल तर. प्राथमिकच्या शिक्षिकेला तिच्या प्रशिक्षणात आरईच्या वाट्याला मोजके तास आलेले असतात. तिला रामायण माहीत आहे यातच खूप आलं. तिच्यासमोर वसुबारस, नरकचतुर्दशीची पहाट, उटणं, पायाखाली फोडलेलं कारीट, पाडव्याचं ओवाळणं, बळीराजा असं एका दमात ओतू नका. दोन फोटो न्या. एका मराठी आईनं असं केलं होतं: अंगणात विटा आणि पोत्यावर रचलेला किल्ला, त्यावर उगवलेलं अळीव, वर बसवलेले शिवाजी महाराज आणि पायथ्याशी, मावळे संपले म्हणून, लेगोचे अंतराळवीर. फोटो भिंतीवर लागला आणि पुढच्या वर्षी इयर फोरच्या बाईंनीच तिला बोलावून घेतलं. राम-सीतेची गोष्ट काही कुणी काढली नाही. तिच्या शेजारी हे आलं.

शाकाहाराचं थोडं निराळं आहे. ब्रिटनमध्ये हिंदू धर्म शाळांपर्यंत पोचला तो मोठ्या प्रमाणात गुजराती कुटुंबांमधून आणि वैष्णव मंदिरांमधून. लंडनमधल्या नीस्डनचं स्वामीनारायण मंदिर 1995 साली उघडलं, तेव्हापासून शाळांच्या बसगाड्या तिकडे जातात. सरकारी पैशावर चालणारी पहिली हिंदू शाळा, लंडनच्याच हॅरो भागातली कृष्ण-अवंती, 2008 साली सुरू झाली. त्यांनी मेहनत केली, दारं उघडी ठेवली, म्हणून पुस्तकात त्यांचा हिंदू धर्म आला. आपण काय केलं? लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 चं आहे, नीस्डनच्या मंदिराहून साठ वर्षांनी थोरलं, पण आपली मंडळं गणपती, नाटक आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात रमली. शाळेनं फोन केला तर उचलणार कोण, हे बहुतेक मंडळांत आजही ठरलेलं नसतं. त्यामुळे विठोबा, वारी, खंडोबाची तळी, देवाला मटणाचा नैवेद्य हे इथल्या एकाही आठवीतल्या पोराला माहीत नाही. यात गुजराती मंडळींचा दोष काढणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मुलीला तासातून काढून घ्यायचं का? हक्क तुम्हाला पूर्ण आहे. आईवडिलांनी शाळेला कळवायचं, कारण द्यायची गरज नाही, सगळ्या आरईतून किंवा एखाद्या भागापुरतंही काढता येतं आणि शाळेला नाही म्हणता येत नाही. सामूहिक प्रार्थनेच्या असेंब्लीलाही हेच लागू आहे. पण इतिहासाच्या किंवा इंग्रजीच्या तासाला धर्म आला तर तिथे हा हक्क चालत नाही. माझा सल्ला: काढू नका. शिकवत असताना तासातून काढलेली मुलं मी ग्रंथालयात बसलेली पाहिली आहेत. इतर पोरं इस्लामबद्दल, ज्यूंबद्दल वाद घालत असताना ती स्पेलिंगची पानं भरत असतात. आणि हिंदू धर्माच्याच तासाला वर्गातलं एकमेव हिंदू मूल बाहेर, हे तर फारच विचित्र.

एक तपासून घ्या: शाळा खरंच अजून काउन्सिलची आहे ना? गेल्या पंधरा वर्षांत माध्यमिक शाळांतल्या बहुतेक आणि प्राथमिकमधल्या पुष्कळ शाळा काउन्सिलच्या हातून सुटून थेट सरकारी पैशावर चालणाऱ्या अ‍ॅकॅडमी झाल्या. फाटकाची पाटी तेवढी बदलते आणि पालकांना पत्ता लागत नाही. अ‍ॅकॅडमीला आरई शिकवावंच लागतं, पण काउन्सिलचा अभ्यासक्रम पाळायचं बंधन नाही. अनेक जणी आपणहून पाळतात. चर्चची ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळा असेल तर तिथे चर्चचाच अभ्यासक्रम. आणि तुम्ही उद्या वेल्समध्ये राहायला गेलात तर हे उत्तर विसरा. तिथे 2022 पासून विषयाचं नाव, समितीचं नाव आणि काढून घेण्याचा हक्क, तिन्ही बदलत गेलं.

नाव द्यायचं ठरवलंत तर पुढची अडचण अशी येईल. ‘अ’ गटातला माणूस त्या धर्माचा प्रतिनिधी आहे याची काउन्सिलला खात्री करून घ्यावी लागते, म्हणून ती एखाद्या संस्थेचं पत्र मागते. आपलं मंडळ म्हणतं, आम्ही सांस्कृतिक संस्था, धार्मिक नव्हे. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीनं यावर दोन तास चर्चा केली. एक काका घटना उघडून बसले होते. शेवटी मला पत्र दिलं गावातल्या मंदिरानं, ज्याचे विश्वस्त सगळे गुजराती आहेत. त्यांची एकच अट होती: दर बैठकीनंतर येऊन आम्हाला सांगायचं. ती मी अकरा वर्षं पाळते आहे, आणि खरं सांगायचं तर मंडळात मला कुणी कधी विचारलेलं नाही.

तिथे बसल्यावर तुम्ही मराठी नसता, तमिळ मावशी आणि नेपाळी कुटुंबाचेही प्रतिनिधी असता. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये दहा लाखांच्या वर हिंदू मोजले गेले, लोकसंख्येच्या 1.7 टक्के, हॅरोत हेच प्रमाण चौथाईच्या पुढे आहे. जागा किती हे स्थानिक संख्येवरून ढोबळपणे ठरतं, तेव्हा तुमच्या काउंटीत एकच खुर्ची असणार आणि ती रिकामी असली तर हिंदू धर्मावरचं पान बाकीचे सद्भावनेनं मंजूर करतात. वाईट हेतूनं नव्हे. चूक ओळखणारंच कुणी नसतं. हल्ली धर्म न मानणाऱ्यांनाही ‘अ’ गटात जागा मिळू लागली आहे. केंट काउन्सिलनं एका ह्यूमनिस्ट गृहस्थांना नाकारलं, तेव्हा 2023 मध्ये हायकोर्टानं तो नकार बेकायदा ठरवला. आमच्याकडेही एक बाई आल्या. गटात नेमके प्रश्न विचारणाऱ्या त्याच.

जातीचा विषय निघेल तेव्हा तुमची परीक्षा आहे. अनेक पालकांना वाटतं, हिंदू प्रतिनिधीनं ‘जात शिकवू नका’ एवढंच बोलायला तिथे जावं. मी तसं बोलत नाही. आठ वर्षांच्या मुलांसमोर त्रिकोण काढून वर ब्राह्मण, खाली शूद्र आणि बाहेर अस्पृश्य असं दाखवणारी वर्कशीटं मी काढून टाकायला लावली आहेत, कारण पुढच्या सुट्टीत वर्गातल्या तपकिरी पोराला ‘तू कितव्या पायरीवर?’ असं विचारलं जातं. पण चौदाव्या वर्षी, परीक्षेच्या अभ्यासात, जात गाळणं म्हणजे लबाडी. आमच्या बैठकीला एकदा नागपूरकडचे एक बौद्ध वडील आले होते. बैठका जनतेला खुल्या असतात, कुणीही मागे जाऊन बसू शकतं. त्यांची तक्रार हिंदू धर्माच्या पानाबद्दल नव्हतीच. बौद्ध धर्माच्या घटकात बोधगया होती, तिबेट होता, थायलंडचे भिक्खू होते. 1956 ची दीक्षाभूमी आणि बाबासाहेब कुठेच नव्हते. ‘माझा मुलगा बौद्ध आहे आणि पुस्तकातले बौद्ध आमच्या घरात कुणीच नाहीत,’ ते म्हणाले. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर ज्या घरात बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले ते घर 2015 साली महाराष्ट्र सरकारनं घेतलंय, शाळेची सहल तिथे नेता येते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. बौद्ध जागेवरचे आमचे इंग्रज सदस्य लगेच म्हणाले, पुढच्या कॉन्फरन्सला हे घ्यायचं. मी अनुमोदन दिलं. माझ्या मंदिरात त्यावर थोडी कुरकुर झाली, ती मी ऐकून घेतली. आज ते घटकात आहे.

कष्टाचा हिशेब सांगते. वर्षाला साधारण तीन बैठका, दर सत्राला एक, बहुधा कामाच्या दिवशी दुपारी साडेचारला. मानधन नाही. शिक्षकांचा गट त्या वेळी शाळेत अडकलेला, त्यामुळे अनेकदा गणसंख्या भरत नाही आणि दोन तास गाडी चालवून आलेली माणसं चहा पिऊन परततात. सल्लागाराला वर्षाचे मोजके दिवस मिळतात, कारण सॅक्रेसाठी म्हणून वेगळा बांधून दिलेला निधी काउन्सिलकडे येत नाही. वार्षिक अहवाल काढावा लागतो. तुमच्या काउन्सिलचे मागचे दोन वाचा, हजेरीचा तक्ता पाहिलात की सगळं कळेल.

आणि हेही माहीत असू द्या की ही सगळी पद्धतच बदलायच्या उंबरठ्यावर असू शकते. नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या सरकारी अभ्यासक्रम आढाव्यानं धर्मशिक्षण टप्प्याटप्प्यानं राष्ट्रीय अभ्यासक्रमात न्यावं असं सुचवलं. तसं झालं तर वरचा थर लंडनहून येईल. पण त्याला कायदा बदलावा लागतो. तोवर दर पाच वर्षांची तपासणी चालूच राहणार. तुमची मुलगी आत्ता इयर फोरमध्ये आहे.

क्लार्कला मेल लिहिताना ‘हिंदू समाजाच्या भावना’ वगैरे नको. नाव, पत्ता, कुठली संस्था पत्र देणार आहे, आणि साडेचारला येऊ शकाल का, एवढंच. शेवटचं आधी लिहा. त्यांचा अर्धा जीव तिथे अडकलेला असतो.